पावसात फुगलेले गोळे: दिवाळीच्या बाथ बॉम्बची एक ऑर्डर

पार्श्वभूमी

चिपळूण तालुक्यातल्या एका गावात दोन जावा आमसुलं, आगळ, फणसपोळी असा माल करून विकतात. त्यांना इथे थोरली आणि धाकटी एवढंच म्हणू. गाव, रिसॉर्ट आणि कारखाना ओळखू येईल असे तपशील गाळले आहेत.

धाकटीला बाथ बॉम्बचा नाद लागला तो मुलीच्या वाढदिवसापासून. पाहुण्या मुलींना द्यायला तिने घरीच रंगीत गोळे केले आणि ते छान जमले. महिना जानेवारीचा होता. पुढचं सगळं या महिन्यावरून घडलं.

खायचा सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिड कोरडे मिसळून, थोडं तेल आणि वास घालून साच्यात दाबलं की बाथ बॉम्ब होतो. गोळा पाण्यात पडला की सोडा आणि अ‍ॅसिड एकमेकांना भेटतात, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि टबात फेस येतो. इंग्लंडमधल्या पूल गावी मो कॉन्स्टंटाइन यांनी १९८९ साली हा प्रकार पहिल्यांदा केला. पाण्यात टाकायच्या फसफसत्या औषधी गोळीवरून त्यांना तो सुचला. अशाच औषधी गोळ्यांच्या विभागात माझी नोकरी झाली, म्हणून ओळखीतून हे प्रकरण माझ्याकडे आलं.

ऑर्डर

ऑगस्ट २०२५च्या सुरुवातीला दापोलीकडच्या एका रिसॉर्टने विचारणा केली. दिवाळीत पाहुण्यांसाठी अभ्यंगस्नानाचं पॅकेज ठेवायचं होतं: पहाटे तेल लावणं, उटणं, मग टबात गरम पाणी आणि त्यात उटण्याच्या वासाचा, पिवळसर रंगाचा गोळा. शंभर ग्रॅमचे २४० गोळे हवे होते, नगाला ९० रुपये, आणि माल १५ ऑक्टोबरपर्यंत पोचायला हवा होता. नरक चतुर्दशी २० ऑक्टोबरला होती.

दिवाळी लवकर आली की कोकणात अशा मालाची पंचाईत होते. माल सप्टेंबरात करायचा, आणि सप्टेंबर हा इथे पावसाळाच. २०२५ला तर ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातही पाऊस गेलेला नव्हता. ऑर्डर घेताना ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली नाही. जानेवारीत जमलं ते सप्टेंबरातही जमेल, असं दोघींनी धरून चाललं.

अडचण

नमुन्याचे वीस गोळे गणपतीच्या आधी करून ठेवले. कृती इंटरनेटवरची, वाट्यांच्या मापाची: दोन वाट्या सोडा, एक वाटी सायट्रिक अ‍ॅसिड, एक वाटी कॉर्नफ्लोर, एक वाटी एप्सम सॉल्ट, थोडं खोबरेल, आणि भिजवायला स्प्रेने पाणी. उटण्याचा रंग यावा म्हणून थोरलीने त्यात आंबेहळद, कचोरा आणि नागरमोथ्याची पूड घातली. साच्यातून काढून गोळे श्रिंक रॅपमध्ये गुंडाळले आणि डब्यात ठेवले. २७ ऑगस्टला गणपती आले आणि कोकणातल्या कुठल्याही घराप्रमाणे त्यांचंही बाकीचं सगळं काम थांबलं.

गौरी-गणपतींचं विसर्जन झाल्यावर डबा उघडला तर निम्मे गोळे फुगून तडकले होते. काहींचं प्लास्टिक टम्म झालं होतं. काहींवर फोडांसारखे उंचवटे आले होते. पिवळ्या गोळ्यांवर लालसर तपकिरी डाग पडले होते. थोरलीला वाटलं, देवघरातलं कुंकू सांडलं. जे चार-पाच धड दिसत होते ते रिसॉर्टला पाठवले. तिथून उत्तर आलं की गोळा पाण्यात पडल्यावर जेमतेम बुडबुडे आले, टबाला पिवळी रेघ राहिली, तळ तेलकट झाला आणि जाळीत काड्यांचा गाळ अडकला. शिवाय दोन खोल्यांत जकुझी आहे, तिच्या पंपाला हे चालेल का, असंही विचारलं. शेवटी एक ओळ होती: लेबलवर परवाना क्रमांक टाकून द्यावा.

म्हणजे एका गोळ्यात तीन वेगवेगळ्या अडचणी होत्या, आणि धाकटी त्या तिन्हींवर एकच इलाज शोधत होती: कृती बदलायची. तिने तोवर चार नव्या कृती उतरवूनही घेतल्या होत्या.

पहिला निर्णय: पाणी कुठून येतंय ते आधी बघायचं

सोडा आणि सायट्रिक अ‍ॅसिडची अभिक्रिया सुरू व्हायला थोडंसं पाणी लागतं, आणि अभिक्रियेतून नवीन पाणी तयार होतं. १९२ ग्रॅम कोरडं सायट्रिक अ‍ॅसिड पूर्ण वापरलं गेलं तर त्यातून ५४ ग्रॅम पाणी निघतं. त्यामुळे गोळ्यात एक जागा जरी ओली राहिली तरी ती स्वतःच स्वतःला पाणी पुरवत पसरते. औषधी गोळ्यांच्या कारखान्यात यासाठी खोलीची सापेक्ष आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर ठेवतात. पावसाळ्यात कोकणातल्या घरात ती ८५ ते ९० टक्के असते.

तरीही सगळा दोष हवेवर टाकायला मी तयार नव्हतो. दोघींना एक सोपी परीक्षा करायला सांगितली. ताजा गोळा झिपच्या पिशवीत घालायचा, हवा दाबून काढायची, झिप घट्ट बंद करायची आणि रात्रभर ठेवायचा. बंद पिशवीत बाहेरची दमट हवा जात नाही. सकाळी पिशवी फुगली असेल तर पाणी गोळ्याच्या आतलंच आहे. पिशवी फुगली.

मग मालाची पोती तपासली. सायट्रिक अ‍ॅसिड दोन प्रकारचं मिळतं: अनहायड्रस म्हणजे बिनपाण्याचं, आणि मोनोहायड्रेट म्हणजे ज्याच्या स्फटिकात पाणी बांधलेलं असतं. मोनोहायड्रेटच्या एका किलोत सुमारे ८६ ग्रॅम पाणी असतं. जानेवारीचं पाकीट अनहायड्रस होतं. ऑगस्टचं पोतं दुसऱ्या दुकानातून आणलेलं, दहा-बारा रुपये स्वस्त, आणि मोनोहायड्रेट. लेबलवर तसं छापलेलं होतं, पण वाचायचं कोणाला सुचणार? दोन्ही पांढरे, दोन्ही आंबट.

एप्सम सॉल्टचं तर निम्म्याहून जास्त वजन स्फटिकातल्या पाण्याचं असतं, साधारण ५१ टक्के. कॉर्नफ्लोरमध्येही थोडा ओलावा असतोच. एक किलो मिश्रणात २०० ग्रॅम एप्सम आणि २०० ग्रॅम मोनोहायड्रेट धरलं तर बांधलेलं पाणी सव्वाशे ग्रॅमच्या जवळ जातं. धाकटी मात्र काळजी करत होती स्प्रेने मारलेल्या दहा मिलिलिटरची. स्फटिकातलं पाणी सगळंच लगेच मोकळं होत नाही हे खरं, पण उबदार जागी ते सुटू लागतं, आणि गोळ्यांचा डबा ठेवला होता चुलीशेजारच्या फळीवर. तिथे कोरडं राहील म्हणून.

तोलून ठरलेले पर्याय

आठ सप्टेंबरच्या आसपास दोघी आणि मी बसलो. समोर पाच वाटा होत्या.

ओव्हनमध्ये गोळे सुकवणे. हा धाकटीचा आवडता पर्याय, आणि तोच मी सगळ्यात आधी कापला. खायचा सोडा तापवला की त्याचा हळूहळू धुण्याचा सोडा होतो. शंभर अंशांच्या पुढे हे झपाट्याने होतं, पण त्याच्या बऱ्याच आधी सुरू झालेलं असतं. धुण्याचा सोडा कातडीला झोंबतो. शिवाय दाबलेला गोळा तापवला की आतलं पाणी मोकळं होऊन तो ओव्हनमध्येच फसफसतो. कॉर्नफ्लोर वेगळं, मंद आचेवर कढईत हलवून कोरडं करायला हरकत नाही. सोड्याला मात्र आच दाखवायची नाही.

डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकणे. थोरलीचा कल याकडे होता, कारण खर्च नाही. पिशवीच्या परीक्षेने हा पर्याय एकटा पुरणार नाही हे दाखवलं होतं. आत पाणी असलेल्या गोळ्याला बाहेर पुडी ठेवून फारसा उपयोग नाही. कोरडा गोळा कोरडा ठेवायला ती कामाची.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा ओढून घेणारं यंत्र, घेणे. चौकशी केली तेव्हा पंधरा हजारांच्या आसपास किंमत निघाली. पूर्ण ऑर्डर २१,६०० रुपयांची. आणि दिवसातून दोनदा वीज जाते ते वेगळंच.

झोपायच्या खोलीतला एसी ड्राय मोडवर लावून तिथेच काम करणे. नवीन खर्च फक्त आर्द्रता दाखवणाऱ्या लहान मीटरचा. थोरलीला हे पटत नव्हतं: "सोड्याचा धुरळा गादीवर बसेल, वहिनी म्हणून माझं ऐक." धाकटीने खोली रिकामी करायची तयारी दाखवली.

पाचवी वाट, ऑर्डर सोडून देणे. माझ्या मते ही खरीखुरी वाट होती, आणि तिच्याकडे बघताना दोघींचे चेहरे पडले म्हणून ती घाईने बाजूला ठेवणं बरोबर नव्हतं. तिचा विचार परवान्याशी जोडून करायचा असं ठरलं.

परवान्याचा पेच

भारतात सौंदर्यप्रसाधनं विक्रीसाठी बनवायला १९४०च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली आणि २०२०च्या सौंदर्यप्रसाधन नियमांखाली परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन देतं. जागा, साधनसामग्री, पात्र तांत्रिक माणूस यांच्या अटी असतात. स्वयंपाकघर त्यात बसत नाही. हौसेने करून मैत्रिणीला देणं वेगळं, आणि नगाला ९० रुपये घेऊन रिसॉर्टला देणं वेगळं.

धाकटीचं म्हणणं होतं की सगळेच घरी करून विकतात. ते खरंही आहे. पण इथे माल जाणार होता अनोळखी पाहुण्यांच्या उघड्या अंगावर, त्यात लहान मुलं, नाजूक कातडीची माणसं. कोणाला पुरळ आलं तर रिसॉर्ट बोट दाखवणार या दोघींकडे. शिवाय त्यांच्या आगळ-आमसुलाच्या धंद्याचं नाव त्याच घराशी जोडलेलं. थोरलीने एका वाक्यात विषय मिटवला: "आमसुलाला डाग लागायला नको."

नवा परवाना दीड महिन्यात हाती येईल या भरवशावर ऑर्डर घेणं शहाणपणाचं नव्हतं. दुसऱ्याच्या परवानाधारक कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचा परवाना (लोन लायसन्स) असतो, त्याचंही तेच. उरला एकच रस्ता: ज्याच्याकडे आंघोळीच्या वस्तूंचा परवाना आधीच आहे त्याने स्वतःच्या नावाने बनवायचं, कृती आणि मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांची चरबी, या दोघींनी पुरवायचं. ओळखीतून जिल्ह्याबाहेरचा असा एक लहान कारखाना मिळाला. त्याच्याकडे कोरड्या हवेची एक खोलीही होती, म्हणजे दोन पेच एकदम सुटले. त्याची अट अशी होती की कृती त्याच्या रसायनतज्ज्ञाने तपासायची आणि चाचणीत पास झाली तरच हात लावायचा.

यामुळे एसीच्या खोलीचं काम बदललं. तिथे आता विकायचा माल होणार नव्हता. कारखान्याला देण्यालायक कृती बसवायची होती.

कृती बसवताना

एसी लावून, दार बंद ठेवून खोली ५० ते ५५ टक्के आर्द्रतेवर आली. एका वेळी अर्धा किलोच मिश्रण करायचं, दर वेळी एकच गोष्ट बदलायची आणि रात्रभर पिशवीची परीक्षा. वाट्या बाद करून वजनकाटा आणला. सोड्याची वाटी आणि सायट्रिकची वाटी सारख्या वजनाची नसते.

एप्सम सॉल्ट पूर्ण काढलं. ते "अंगदुखीला चांगलं" म्हणून घातलं होतं, पण १५०-२०० लिटर पाण्याच्या टबात वीस ग्रॅम एप्समने काय होणार? सायट्रिक अ‍ॅसिड अनहायड्रस. स्प्रेतलं पाणी बंद. मिश्रण बांधायला वितळवलेली चरबीच पुरवायची.

चरबीवर दोघींचा खरा अनुभव कामाला आला. खोबरेल २४ अंशांच्या वर पातळच असतं, त्यामुळे गोळा मऊ राहतो. कोकमाच्या बियांची चरबी मात्र चाळीस अंशांच्या आसपास वितळते. कोकणात तिचे मुठीने वळलेले गोळे करतात, त्यालाच मुठेल म्हणतात, आणि थंडीत टाचांच्या भेगांना ते लावायची जुनी रीत आहे. थोरलीने मुठेल किसून, पातळ करून सोड्याला चोळलं, जसं करंजीच्या मैद्याला मोहन चोळतात, आणि मग त्यात सायट्रिक मिसळलं. सोड्याच्या कणांवर चरबीचा पातळ लेप बसला की पाणी तिथे उशिरा पोचतं. हा क्रम तिला कोणी शिकवलेला नव्हता. साच्यातून निघालेला गोळा थंड झाल्यावर टणक झाला.

किलोला शेवटचं माप असं ठरलं: सोडा ५६० ग्रॅम, अनहायड्रस सायट्रिक २८०, कोरडं केलेलं कॉर्नफ्लोर ८०, मुठेल ४०, केओलिन माती ३०, सुवासिक तेल आणि पॉलिसॉर्बेट मिळून १०. पॉलिसॉर्बेटमुळे तेल पाण्यावर तवंग न धरता मिसळतं. रसायनाच्या हिशेबाने २८० ग्रॅम अ‍ॅसिडला ३६७ ग्रॅम सोडा पुरतो. बाकीचा जास्तीचा मुद्दाम ठेवलेला, म्हणजे पाण्यात अ‍ॅसिड शिल्लक राहून झोंबत नाही.

हळदीचा प्रश्न सोपा निघाला. हळद सोड्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाला लागली की लाल होते. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो तो याचमुळे. गोळ्यात सोडा जिथे जास्त तिथे डाग. धाकटी हळद कमी करून बघू म्हणत होती. थोरलीचं म्हणणं निराळं होतं: उटणं अंगाला चोळायचं असतं, टबात कालवायचं नसतं. ते बरोबरच होतं. उटणं गोळ्यातून काढून टाकलं. वासापुरतं वाळ्याचं आणि नागरमोथ्याचं तेल ठेवलं. दालचिनी आणि लवंगेचं तेल कातडीला त्रास देऊ शकतं म्हणून घेतलंच नाही. रंग अजिबात नको, असं मी सुचवलं आणि रिसॉर्टने कुरकुरत मान्य केलं.

आकारावरही थोडी चर्चा झाली. धाकटीने मोदकाच्या साच्यात काही गोळे पाडले होते आणि दिसायला ते खरोखर देखणे होते. पण दिवाळीत खोलीत फराळाच्या ताटाशेजारी पांढरा मोदक ठेवला तर लहान मूल काय करेल? साधा सपाट वडीचा आकार ठरला, वर ठळक अक्षरांत "खाण्याचा पदार्थ नाही".

निकाल

कारखान्याच्या रसायनतज्ज्ञाने केओलिनचं प्रमाण किंचित बदललं, बाकी कृती तशीच ठेवली. चाचण्यांत वेळ गेल्यामुळे २४० ऐवजी १६० वड्याच वेळेत झाल्या. प्रत्येक वडी दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून, मग अ‍ॅल्युमिनियम लॅमिनेटच्या पाऊचमध्ये सिलिका जेलच्या पुडीसह हीट सील केली. लेबलवर कारखान्याचा परवाना क्रमांक, बॅच, मुदत आणि घटक. १४ ऑक्टोबरला माल पोचला. जकुझीच्या खोल्या वगळल्या. तेलकट पदार्थ पंपाच्या नळ्यांत साठतात, आणि ती जोखीम कोणालाच नको होती.

वड्या टिकल्या. एकही पाऊच फुगला नाही. रिसॉर्टची तक्रार एकच: फेस कमी येतो. रंग नसल्यामुळे तो डोळ्यांना कमी वाटतो, असं माझं मत. रिसॉर्टला ते पटलं नाही.

पैशांत मात्र फार उरलं नाही. कारखान्याचा वाटा, पाऊच आणि वाहतूक जाऊन दोघींच्या हाती मुठेलाची किंमत आणि वर थोडी रक्कम आली. आगळाच्या दोन खेपांत याहून जास्त सुटतं, हे थोरलीने वहीत मांडून दाखवलं.

अनपेक्षित फायदा दुसरीकडून झाला. चाचणीतल्या फुटक्या वड्या घरातच वापरून संपवताना धाकटीच्या सासूबाईंनी एक तुकडा घमेल्यात गरम पाण्यात टाकून पाय बुडवले. मुठेल टाचांना बसलं. वाडीतल्या चार बायकांनी तेच मागितलं. इथे टब कोणाकडे आहे? बादली, घंगाळ आणि घमेलं सगळ्यांकडे आहे.

वेगळं काय करता आलं असतं

ऑर्डर स्वीकारण्याआधी परवान्याचा प्रश्न विचारायला हवा होता. तो रिसॉर्टने विचारला, आणि तोही एक महिना गेल्यावर. ऑगस्टमध्येच कारखाना शोधला असता तर २४० वड्या आरामात झाल्या असत्या.

नमुने करून गणपतीचे दिवस डब्यात ठेवण्याऐवजी एक गोळा पिशवीत बंद करून रात्रभर ठेवला असता तर कोडं ऑगस्टमध्येच उलगडलं असतं. या परीक्षेला खर्च एका पिशवीचा.

भावाबद्दल माझं आणि धाकटीचं अजून एकमत नाही. ९० रुपये हा आकडा तिने घरखर्च धरून काढला होता. कारखाना मध्ये आल्यावर भाव वाढवून मागायला हवा होता, असं मी म्हणतो. ती म्हणते, तेवढ्यात रिसॉर्टने शहरातून माल मागवला असता. तीही बरोबर असेल.

पायांच्या वडीसाठी त्याच कारखान्याशी बोलणं चालू आहे: चाळीस ग्रॅमची, पाच लिटर पाण्याला एक, मुठेल थोडं जास्त. जास्त मुठेलाने घमेल्याचा तळ निसरडा होतो, आणि वापरणाऱ्या बहुतेक साठीच्या पुढच्या असणार. म्हणून "पाय पुसून मगच उभं राहा" ही ओळ लेबलवर कुठे छापायची, यावर थोरली अडून बसली आहे. तिला ती पुढच्या बाजूला हवी आहे.